कठड्याला लावलेली पावडर

आमच्या ऑफिसात खोटं बोलायची कोणावर फारशी वेळ येत नाही, कारण खोटं काढायची सोय आहे. इमारतींची ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पांढरा तुकडा मिळतो. ड्रॉइंगमध्ये जिथे काही बिघडलेलं दिसतं तिथे तो ठेवायचा, की खालचं सगळं झाकलं जातं. मग त्याच्यावर आपल्याला हव्या तशा रेघा मारायच्या. आत इमारतीचं मॉडेल बिघडलेलं ते बिघडलेलंच राहतं, पण कागदावर सगळं झकास दिसतं. याला आमच्याकडे पावडर लावणं म्हणतात. शब्द सरांचा. सर म्हणजे आमचे आर्किटेक्ट, ऑफिसचे मालक. "वेळ नाहीये, पावडर लाव आणि पाठव," हे वाक्य मी अकरा वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की घरी बायको आरशासमोर बसली तरी मला ऑफिस आठवतं.

मी ड्राफ्ट्समन आहे. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस, दिवसभर खालून रबराचा वास येतो आणि खिडकी उघडावी की घुसमटावं एवढाच काय तो निर्णय आमच्या हातात असतो. मला सांगायचंय ते वहिनींबद्दल. पण पावडर काय असते ते आधी कळल्याशिवाय वहिनी कळणार नाहीत, आणि मी काय केलं तेही कळणार नाही, म्हणून सुरुवात तिथून केली.

वहिनींचे यजमान सरांचे पहिले ड्राफ्ट्समन. तेव्हा टी-स्क्वेअर आणि ड्रॉइंग बोर्डाचे दिवस होते. ते अचानक गेले तेव्हा सरांनी वहिनींना ट्रेसिंगच्या कामाला ठेवून घेतलं. सरांनी आयुष्यात केलेलं हे एक बरं काम, आणि ते आठवड्यातून दोनदा तरी पाहुण्यांना ऐकवतात, वहिनी त्याच खोलीत बसलेल्या असताना. पुढे ट्रेसिंग संपलं, बोर्ड माळ्यावर गेले, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी वहिनी सॉफ्टवेअर शिकल्या. कोणी शिकवलं नाही. मुलीच्या शाळेच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून लिहून शिकल्या.

ऑफिसात सगळेच त्यांना वहिनी म्हणायचे, त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. आणि वहिनी प्रत्येकाला काही ना काही नातं चिकटवायच्या. मी भावजी. त्यांच्या यजमानांना मी पाहिलेलंही नाही, पण पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या खुर्चीची सैल झालेली चाकं घट्ट करून दिली आणि म्हणाल्या, "बसा भावजी, आता पडणार नाही." तेव्हापासून मी भावजी. चहावाला दादा, हिशेब बघणारी बाई जाऊबाई, जिन्यांचे कठडे बसवणारा ठेकेदार मामा. या मामांनी एकदा ठरल्यापेक्षा पातळ नळी वापरली आणि वर "वहिनी, रंग लागला की कळत नाही हो" असं म्हणाले. वहिनी भांडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. फक्त त्या दिवसापासून मामांचे ठेकेदार झाले. "ठेकेदार, नळी बदलून आणा." त्याला सहा वर्षं झाली. त्या माणसाने दर सणावाराला मिठाई आणली, वहिनींच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस राबला, पण मामा म्हणून हाक काही त्याला परत मिळाली नाही.

वहिनींकडे काम असायचं जिन्यांचं आणि कठड्यांचं, कारण दुसरं कोणी ते घ्यायला तयार नसायचं. ज्याने हे सॉफ्टवेअर बनवलं त्याच्या घरी जिना नसणार असं माझं ठाम मत आहे. भिंत सांगाल तशी उभी राहते, खिडकी सांगाल तिथे बसते. कठडा मात्र दळभद्री. त्याचे उभे गज कधी पायऱ्यांच्या वीतभर वर तरंगतात, कधी पायरी फोडून खालच्या मजल्यावर लोंबतात. मध्ये लँडिंग, म्हणजे जिना वळतो तो सपाट टप्पा, आलं की कधी गजच गायब होतात आणि वरचा दांडा नुसता हवेत वळतो. चूक कुठे आहे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. स्क्रीनवर कठड्याच्या सेटिंगच्या एका खिडकीतून दुसरी उघडते, तिच्यातून तिसरी, आणि तिथे वीसेक ओळी असतात. त्यातली एक चुकीची असते. बाकीचे आम्ही पंधरा मिनिटं शिव्या घालायचो आणि पावडरीचा डबा काढायचो.

वहिनी तसं करत नसत. त्या नवीन कोरी फाइल उघडायच्या आणि तिच्यात तीन पायऱ्यांचा एक जिना काढायच्या. नुसत्या तीन पायऱ्या, ना भिंत ना मजला. त्याच्यावर तोच बिघडलेला कठडा बसवायच्या आणि एका वेळी एकच ओळ बदलून बघायच्या. बदललं, पाहिलं, परत जसं होतं तसं केलं, पुढची ओळ. दोन ओळी एकदम बदलायला त्यांची सक्त मनाई होती. "दोन औषधं एकदम दिली तर कशाने बरं वाटलं ते कसं कळणार भावजी?" रोग सापडला की पाठकोऱ्या वहीत लिहायचा. डाव्या पानावर रोग, उजव्या पानावर उपाय. 'गज तरंगतात: कठड्याला आपला जिना कोणता तेच सांगितलेलं नाही. जिना निवडून द्यावा.' 'लँडिंगवर गज नाहीत: फक्त पायऱ्यांवर गज असं कुणीतरी ठरवून ठेवलंय. ती खूण काढावी.' अशी एकशेसदतीस पानं भरली होती. मी अडलो की ती वही उघडायचो, आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर मिळायचं.

आणि त्यांच्याकडे तो चेंडू होता. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला लाकडी चेंडू, बरोब्बर दहा सेंटिमीटरचा. जिथे लहान मुलं वावरतात तिथे कठड्याच्या कुठल्याही फटीतून दहा सेंटिमीटरचा चेंडू जाता कामा नये, असा नियम आहे. नियम सगळ्यांनाच पाठ असतो, पण चेंडू घेऊन फिरणाऱ्या वहिनी एकट्याच. इमारत तयार झाली की त्या पिशवीत चेंडू घालून जायच्या आणि खालच्या पायरीपासून वरच्या मजल्यापर्यंत प्रत्येक फटीला तो लावून बघायच्या. सर हसायचे. "वहिनींची मॅच सुरू झाली," म्हणायचे.

या चेंडूमागे त्यांची मुलगी होती. ती दोन वर्षांची असताना त्यांच्याच चाळीच्या जिन्याच्या कठड्यातून पायाकडून खाली सरकली. धड गेलं, डोकं अडकलं. वहिनी तिला खालून उचलून धरून उभ्या होत्या, शेजारणीने कानांना साबण लावला, वरून यजमान लोखंड वाकवायचा प्रयत्न करत होते, आणि मुलगी आपली साबणाची चव घेत होती. शेवटी निघाली. तिच्या लग्नात ही गोष्ट सगळ्यांनी हसत हसत सांगितली. वहिनी मात्र ती सांगताना हात वरच धरायच्या, अजून कोणाला तरी उचलून धरल्यासारखे. "मोठ्या माणसांना वाटतं मूल डोक्याने पुढे जातं," त्या म्हणायच्या, "मूल पायाने जातं हो."

आता त्या शाळेचं. बालवाडी ते चौथी, दोन मजले, मध्ये एक लँडिंग असलेला रुंद जिना. कठडे बनवणाऱ्या फॅक्टरीला ड्रॉइंग आणि मॉडेल शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवायचं होतं. फॅक्टरी कागद भिंतीला लावते, पण गज कापते ते मॉडेलमधून. मॉडेलमध्ये जितके गज, तितकेच कापून येतात. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. हे वाक्य लक्षात असू द्या.

गुरुवारी दुपारी वहिनींना लँडिंगपाशी फट दिसली. कठड्याच्या प्रत्येक सरळ पट्ट्यात गज खालून समान अंतराने सुरू व्हायचे, आणि शेवटी जी जागा उरायची ती तशीच मोकळी राहायची. वळणापाशी साडेसतरा सेंटिमीटर. वरच्या मजल्यावरही तेवढीच. वहिनी तीन पायऱ्यांचा जिना काढून बसल्या. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता, नाक जवळपास स्क्रीनला टेकवून त्या वाचत होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. सहा वाजले तरी रोग सापडला नव्हता.

सर बाहेर आले. "वहिनी, एवढं काय त्यात? पावडर लावा आणि मोकळ्या व्हा."

"कठड्याला नाही लावत मी पावडर," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या कशालाही लावा. कठड्याला नाही."

सर खांदे उडवून आत गेले. जाताना वहिनी माझ्या टेबलाशी थांबल्या. "भावजी, लँडिंगचं तेवढं राहिलंय. तुमचे डोळे चांगले आहेत, उद्या सकाळी एकदा बघाल? नाही सापडलं तर पाठवू नका, मी आल्यावर बघते. फॅक्टरीवाले पंधरा दिवस थांबतील, मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी."

मी म्हणालो, "तुम्ही निश्चिंत जा वहिनी."

शुक्रवारी मी उशिरा आलो. आल्यावर दुसरी दोन कामं होती. अकराला सरांनी विचारलं, "गेली का शाळा?" मी म्हणालो, "वहिनी म्हणाल्या आहेत की थांबा." सर म्हणाले, "ऑफिस वहिनींचं आहे का माझं?" यावर मी म्हणू शकलो असतो की निदान अर्धा तास द्या, बघतो. म्हणालो नाही. मला जेवायच्या सुट्टीत मोटरसायकल दुरुस्तीला टाकायची होती. हे खरं कारण आहे. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

मी शीट उघडली, वळणापाशी पांढरा तुकडा ठेवला आणि त्यावर हाताने दोन गज काढले. वरच्या मजल्यावर आणखी दोन. जाडी जुळवली, रंग जुळवला. वीस मिनिटं लागली. इतका सुंदर कठडा त्या जिन्याला कधी नव्हता. शीटच्या कोपऱ्यात 'काढणार' असं लिहून पुढे चौकोन असतो, त्यात वहिनींची आद्याक्षरं होती, कारण फाइल त्यांची. ती बदलायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. आलं होतं. हात माऊसवर होता आणि मी तो काढून घेतला. ड्रॉइंग आणि मॉडेल दोन्ही पाठवून मी मोटरसायकल घेऊन गेलो.

वहिनी अकराव्या दिवशी काळा चष्मा लावून आल्या. पिशवी ठेवायच्या आधी विचारलं, "भावजी, शाळा पाठवली?"

"पाठवली."

"लँडिंग?"

"झालं ते."

"सापडलं?" वहिनींनी चष्मा काढला. डोळे लाल होते, पाणी येत होतं, पण चेहरा असा फुलला होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "काय होतं हो? मी दोन दिवस तेच घोकत पडले होते, डोळ्यांवर पट्टी आणि समोर आपले गजच गज. काय बदललंत?"

अजूनही वेळ होती. फॅक्टरीत कापायला घेतलं नसेल, एक फोन केला असता तर थांबलं असतं. मी तोंडाला येईल ते बोललो. "ते सुरुवातीपासून मोजायचं काढून मधोमध केलं. वाटणी आपोआप झाली."

वहिनींनी लगेच पाठकोरी वही काढली. मान वाकवायला डॉक्टरांनी मनाई केली होती म्हणून वही डोळ्यांसमोर उभी धरून त्यांनी लिहिलं. मी पलीकडून वाचत होतो. 'वळणापाशी फट उरते: मोजणी सुरुवातीऐवजी मधून करावी.' आणि खाली, 'भावजींचा उपाय.' एकशेसदतीस पानांत दुसऱ्या कोणाचं नाव नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची जी शिसारी आली ती शब्दांत सांगता येत नाही, आणि तरी मी जागेवर बसून चहा प्यायलो. चहा गोड होता.

दीड महिन्याने कठडा बसला. शाळा दाखवायला सर, मी आणि वहिनी गेलो. मुख्याध्यापिका होत्या, कठड्याचे ठेकेदार होते. वहिनींनी खालच्या पायरीपासून चेंडू लावायला सुरुवात केली. सर मुख्याध्यापिकांना डोळा मारल्यासारखं करून म्हणाले, "आमच्या वहिनींची मॅच." पहिला पट्टा झाला. वहिनी लँडिंगवर पोचल्या. मी खाली जिन्याच्या पायथ्याशी उभा होतो, बुटाची लेस बांधत. लेस सुटलेली नव्हती.

चेंडू गेला. हातातून निसटावा तसा आरपार गेला, पलीकडे तळमजल्याच्या फरशीवर आपटला, दोनदा उसळला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. मुख्याध्यापिकांनी वर बघितलं, खाली बघितलं. "म्हणजे माझं मूल इथून पडणार होतं?" त्यांनी विचारलं. सगळ्या शाळेतल्या मुलांना त्या माझं मूल म्हणायच्या असं मागाहून कळलं.

सरांनी शीट पसरली. शीटवर गज होते, जागेवर नव्हते. ठेकेदार म्हणाले, फॅक्टरीतून मॉडेलप्रमाणे जेवढे कापून आले तेवढे बसवले, मोजून घ्या. सरांना दोन सेकंदांत सगळं कळलं, हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. कोणी पावडर लावली, कोणाच्या सांगण्यावरून, सगळं. मग त्यांनी बोट शीटच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि आवाजात साखर घोळवून म्हणाले, "काय आहे मॅडम, आमच्या वहिनींच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय. वयही झालंय. आम्ही जुनी माणसं म्हणून सांभाळून घेतो, पण आता विचार करावा लागेल."

त्या माणसाच्या शर्टाची इस्त्री, त्याची जिभेने ओठ ओले करायची सवय, सगळ्याची मला ओकारी आली. आणि मी गप्प होतो, म्हणजे मी त्याच्याहून काही वेगळा नव्हतो.

वहिनी फटीत हात घालून बघत होत्या, शीटकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या, तेव्हा मला वाटलं, आता. पण त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "चूक माझी आहे बाई. उपाय सापडला असं कळल्यावर मी तो वहीत उतरवला, पण तीन पायऱ्यांवर करून पाहिला नाही. असं मी कधी करत नाही. या वेळी केलं." त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं की भावजी खोटं बोलले असतील. त्यांना वाटत होतं, भावजींचा उपाय कुठेतरी कमी पडला.

मुख्याध्यापिकांनी सांगितलं, चूक कोणाची, कशी झाली आणि आता दुरुस्त झाली हे कोण सांगणार, ते लेखी द्या. तोवर हा जिना बंद, आणि शाळा पुढच्या सोमवारी उघडायची आहे. सरांनी मोटारीतच मजकूर सांगायला सुरुवात केली. वयोमान, दृष्टिदोष, संबंधित कर्मचारी या महिनाअखेर कामावरून मुक्त. वहिनी मागच्या सीटवर बसून ऐकत होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत चेंडू. "हे तू टाइप कर," सर मला म्हणाले.

टाइप करायला मी दोन दिवस लावले. कारण माझ्या शेजारच्या टेबलावर वहिनी माझ्या उपायाचा शोध घेत होत्या. कामावरून काढणार म्हणून त्या रडल्या नाहीत, घरी गेल्या नाहीत. त्यांनी कोरी फाइल उघडली, तीन पायऱ्या काढल्या आणि मोजणी सुरुवातीऐवजी मधून केली. फट राहिली, फक्त दोन्ही टोकांना वाटली गेली. परत जसं होतं तसं केलं. पुन्हा केलं. लँडिंग काढून पाहिलं, लँडिंग घालून पाहिलं. मध्येच मान मागे टाकून डोळ्यांत औषधाचे थेंब सोडायच्या, मिनिटभर डोळे मिटून बसायच्या, पुन्हा सुरू. जो उपाय या जगात कधी झालाच नव्हता, त्याच्यात काय चुकलं हे त्या शोधत होत्या. मी समोर स्क्रीनवर 'वयोमानामुळे' असं टाइप करत होतो आणि खोडत होतो. दुपारचा डबा मी तसाच परत नेला. बायकोने विचारलं, भाजी बिघडली होती का? मी हो म्हणालो. एक खोटं बोललं की दुसरं किती सहज येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी खुर्ची वळवून म्हणाल्या, "भावजी, तुमचा उपाय मला जमत नाहीये हो. माझंच काहीतरी राहतंय. एकदा इथे बसून करून दाखवता का? मी नुसती बघते, मध्ये बोलणार नाही."

त्या उठल्या आणि मला आपली खुर्ची दिली. मी बसलो. माऊस त्यांच्या हाताने कोमट झाला होता. समोर तीन पायऱ्या, त्यावर कठडा, टोकाशी फट. वहिनी माझ्या खांद्यामागे वही उघडून, पेन्सिल धरून उभ्या. मी एक खिडकी उघडली, तिच्यातून दुसरी उघडली, आणि पुढे माझा हात हलेना.

"केलाच नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"उपाय. काही केलं नव्हतं वहिनी. पावडर लावली. दोन खाली, दोन वर. तुम्ही विचारलंत तेव्हा मी थाप मारली."

टायरच्या दुकानात कोणीतरी हातोडा मारत होतं. वहिनींनी पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली. म्हणाल्या, "दीड महिना." एवढंच. मग, "उठा."

मी उठलो. त्या बसल्या. मी जी खिडकी उघडून ठेवली होती तिच्याकडे त्यांनी नव्या डोळ्यांनी बघितलं, वरून खाली, एकेक ओळ, आणि अगदी तळाशी त्यांचं बोट थांबलं. बारीक करड्या अक्षरांतली ओळ होती. पट्ट्याच्या शेवटी जागा उरली तर तिच्यात काय भरायचं, असं तिथे विचारलेलं होतं, आणि पुढे उत्तर होतं: काहीही नाही. वहिनींनी 'काहीही नाही' काढून तिथे गज निवडला, अंतर घातलं. टोकाची फट भरून गेली. दोन मिनिटंही लागली नाहीत. ऑपरेशनआधी मोतीबिंदूमुळे त्यांना ती ओळ दिसली नव्हती, आणि गेले दोन दिवस त्या माझ्या थापेतच अडकल्या होत्या. माझे डोळे चांगले होते. त्या शुक्रवारी मी ती खिडकी उघडलीही नव्हती.

मी माझ्या जागेवर जाऊन पत्र टाइप केलं. वयोमान नाही, दृष्टिदोष नाही. ड्रॉइंगमध्ये खोटे गज मी काढले, काम थांबवा असं ते करणाऱ्या बाईंनी सांगितलेलं असताना काढले, मालकांच्या सांगण्यावरून पाठवले, आणि विचारल्यावर खोटं बोललो. चूक सापडली ती त्यांच्याच चेंडूने. खाली सही केली आणि सरांना न दाखवता शाळेत नेऊन दिलं. परत येऊन सरांना सांगितलं तेव्हा ते इतके ओरडले की टायरवाला वर बघायला आला. "पावडर काय तू एकट्याने लावलीस? सगळेच लावतात!" ते म्हणाले. एवढं एकच वाक्य ते त्या दिवशी खरं बोलले.

मुख्याध्यापिकांनी पत्र वाचलं आणि सरांना कळवलं की दुरुस्ती झाल्यावर चेंडूवाल्या बाई स्वतः येऊन पास करतील, तरच जिना उघडेल, दुसऱ्या कोणाची सही चालणार नाही. सरांना शाळेच्या पुढच्या इमारतीचं कामही हवं होतं. वहिनींच्या महिनाअखेरीचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. मला काढून टाकतील असं वाटलं होतं, पण तेवढीही तत्त्वं त्या ऑफिसात नाहीत.

शनिवारी नवे गज बसले. वहिनींनी मला बरोबर यायला सांगितलं नव्हतं, मी आपण होऊन गेलो. गेल्या तीन दिवसांत त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या होत्या, तेही नाव, नातं काही न घेता. वहीचं पान त्यांनी फाडलं नव्हतं. 'भावजींचा उपाय' यावर एक सरळ रेघ मारली होती, पट्टी लावून, आणि खाली खरा उपाय लिहिला होता.

वहिनी एकेक फट तपासत वर चालल्या होत्या, मी दोन पायऱ्या मागे. खालचा पट्टा, लँडिंग, वळण. चेंडू अडला. त्यांनी तो दाबून पाहिला, ढकलून पाहिला. अडलेलाच. वरचा पट्टा, वरचं वळण. तिथेही अडला. मुख्याध्यापिका खालून बघत होत्या, त्यांनी हात जोडले. आता बोलावं असं मला वाटलं. वहिनी, माफ करा, एवढंच म्हणायचं होतं, आणि मी तोंड उघडलंही.

वहिनींना मोजमाप घ्यायचं होतं, दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यांनी मागे न बघता चेंडू माझ्याकडे केला.

"ड्राफ्ट्समन," त्या म्हणाल्या, "हा धरा जरा."

मी धरला.